धान विकून झालं की समुद्र: चामोर्शीहून अंतर्वेदीला, फिरत्या घरानं

धानकरी_चामोर्शी
राम राम मंडळी. आमच्या काकांची टेम्पो ट्रॅव्हलर शाळेच्या फेऱ्या मारायची. फेऱ्या बंद झाल्या तेव्हापासून अंगणात उभी आहे. इंजिन ठणठणीत, बॉडीले गंज नाही. मागच्या सीटा काढून पलंग, लहानसा ओटा अन् पाण्याची टाकी बसवायची आणि घरच्यांना समुद्र दाखवायचा, असं डोक्यात घेतलं. आईनं साठी ओलांडली, समुद्र फक्त टीव्हीत पाहिला. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोट्टे. धानाचे चुकारे हाती आले की निघायचं, म्हणजे जानेवारी धरा.

डोक्यात कोकण आहे, श्रीवर्धन-वेळास तिकडं. तयार कॅराव्हॅन भाड्यानं घ्यावी म्हणून विचारून पाहिलं. दिवसाचं भाडं ऐकून बाबा म्हणाले, तेवढ्यात दुभती गाय येते. म्हणून आपलीच गाडी. कोणी असं केलं असेल तर सांगा. गाडीत काय काय लागते, रात्री थांबायचं कुठं, अन् बाबाले गाडीत कूलर पाहिजे, त्याचं कसं करायचं?

सिरोंचा_पूल
भाऊ, कोकण काहून? नुसती मुंबईच तुमच्याकडून हजार किलोमीटर, मग घाट उतरायचे. गडचिरोली-चंद्रपूरवाल्याले जवळचा समुद्र पूर्वेकडं आहे. सिरोंच्याचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगणा, पुढं आंध्र, अन् नदीचं तोंड लागते तिथं अंतर्वेदी. आमच्याकडून लोक दर्शनाले जातात. एका बाजूनं वशिष्ठा गोदावरी, दुसऱ्या बाजूनं बंगालचा उपसागर, मधात लक्ष्मी-नरसिंहाचं देऊळ, दीपगृह, नारळाच्या बागा अन् कोळ्यांची वस्ती. हॉटेलांची रांग नाही, सेल्फी पॉइंट नाही. अंधार पडला की बाजार बंद.

भूगोल_गुरुजी
सिरोंचावाल्यांच्या म्हणण्याला नकाशाचा आधार देतो. चामोर्शीच्या मार्कंड्याला जी वैनगंगा वाहते, ती पुढे चपराळ्याजवळ वर्धेला मिळते. तिथून नाव प्राणहिता. प्राणहिता सिरोंचा-काळेश्वरमला गोदावरीत. गोदावरी त्र्यंबकेश्वराला उगवते, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर, आणि तरी १४६५ किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला जाते, कारण पठाराचा उतारच तिकडे आहे. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला ती फुटते: गौतमी एका अंगाने, वशिष्ठा दुसऱ्या अंगाने. मधला त्रिकोण म्हणजे कोनसीमा. धवळेश्वरमचा बंधारा आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात बांधला. दुष्काळ आणि पुराने गांजलेला तो भाग त्या कालव्यांमुळे भाताचं कोठार झाला. धान पिकवणाऱ्या माणसाने ते कालवे बघायलाच हवेत.

पोट्टा_नंबर_वन
गुरुजी, एवढं पेपरात आलं असतं तर पास झालो असतो 😄 पण खरं सांगा, गोवा सोडून अंतर्वेदीले कोण जाते बे? तिथं करायचं काय?

सिरोंचा_पूल
काहीच नाही करायचं, तेच तर सांगून राहिलो. ज्याले शॅक अन् म्युझिक पाहिजे त्यानं गोव्यालेच जावं. तिकडं नदीचं मातकट पाणी अन् समुद्राचं हिरवट पाणी एकमेकांत घुसते त्या वाळूच्या पट्ट्याले लोक ‘अन्ना-चेल्लेली गट्टू’ म्हणतात, भावा-बहिणीचा बांध. तिथवर चालत जायचं. पण पोट्ट्यांना संगमावर पाण्यात सोडू नका. नदीचा ओढ बाहेर खेचते, वरून पाणी शांत दिसते. पाय भिजवायचे तर देवळाकडच्या समुद्रकाठी, गुडघ्याच्या पुढं नाही.

धानकरी_चामोर्शी
आईला सांगितलं. मार्कंड्याचं पाणी तिकडंच जाते म्हटल्यावर तिनं कोकणाचा विषयच बंद केला. वर नरसिंहाचं देऊळ. म्हणजे अंतर्वेदी पक्कं. आता गाडीचं सांगा.

फिटनेस_भंडारा
सीटा उपटायच्या आधी हे वाचा. शाळेची गाडी म्हणजे पिवळी पाटी, शालेय वाहतुकीचा परवाना. त्याच कागदावर कुटुंब घेऊन तीन राज्यांत फिरता येत नाही. परवाना परत करून गाडी खासगी वापरात वळती करून घ्या. वेळ लागतो, कर भरावा लागतो, म्हणून आजच सुरुवात करा. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. आसनं कमी करणं, पलंग पत्र्याला वेल्ड करणं, छत कापून खिडकी काढणं, हे सगळं त्यात आलं. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याला ते माहीत नसते. तो म्हणेल ‘काही होत नाही साहेब’. रस्त्यावर खरंच काही होत नाही. अपघात झाला की विम्यावाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते मुख्यतः धंदा करणाऱ्यांसाठी. घरच्या गाडीसाठी माझा सल्ला असा: सहा माणसांना सहा मूळ सीटा, पट्ट्यांसकट, तशाच ठेवा. बाकी सीटा काढायच्या तर आरटीओत अर्ज करून, गाडीच्या आरसी पुस्तकात नोंद घेऊन काढा. पलंग घडीचा ठेवा, थांबल्यावर उघडायचा.

जुना_एसटीवाला
भंडाऱ्यानं खरं सांगतलं. मी बोलतो ते डायव्हर म्हणून. चालत्या गाडीत पलंगावर कोणी झोपायचं नाही, आईले कंबर दुखली तरी नाही. गाडी थांबवा, अर्धा घंटा लेटू द्या, मंग निघा. करकचून ब्रेक मारला की झोपलेला माणूस सरळ डॅशबोर्डावर येते, मी पाह्यलं हाय.

टायर पाहा. अंगणात उभ्या गाडीचे टायर नक्षीनं नवे दिसतात, पण रबर मेलेलं राह्यते. टायरच्या बाजूले लंबगोल खुणेत चार आकडे असतात. २३२१ असन तं २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. सहा वर्साच्या वर गेला असन तं बदला, स्टेपनी पण. भेगा अंगठ्यानं दाबून पाहा, आतून उघडतात.

पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी एकदम मागं टांगली तं पुढचा भाग हलका होते अन् स्टिअरिंग तरंगते. टाकी मागच्या अॅक्सलच्या पुढं घ्या, खाली घ्या, मधात एक आडवी पट्टी टाका म्हणजे पाणी हिंदकळत नाही. अन् भरून कशाले चालता? कोनसीम्यात पाण्याची कमी हाय का? निम्मी भरा.

रात्री गाडी चालवाची नाही. साडेपाचले हेडलाइट लावाची वेळ आली की मुक्काम.

वणीचा_वायरमन
कूलरचा विषय कोणीच घेतला नाही, म्हणून मी घेतो.

काका, कूलर घरीच ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी असते, खसातून जाताना पाणी उडते अन् हवा थंड होते. समुद्राकाठी हवेतच पाणी भरलेलं. तिथं कूलरचं पाणी उडतच नाही. गाडीच्या बंद डब्यात तर दमटपणा आणखी वाढेल, गाद्या ओल्या, अंग चिकट. शिवाय जानेवारीत तिकडं रात्री उकाडा नसते, आपल्याइतकी थंडीही नसते. पंखा पुरते.

आता एसीचं स्वप्न पाहात असाल तर हिशेब घ्या. बारा व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज. साधी लेड-अॅसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर वर्षभरात बसते. एक टनाचा एसी तासाला युनिटभर ओढते. म्हणजे लिथियमवाली घेतली तरी तासाभरात खेळ खलास. उलट बारा व्होल्टचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा ३० वॅटचा. दोन पंखे रात्रभर आठ तास चालले तरी अर्धा युनिट. त्यात चार एलईडी अन् मोबाइल बसतात. छतावर ३३० वॅटचं एक पॅनल टाका, चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा युनिटभर देते. पॅनल अन् छताच्या मधात चार बोटं फट सोडा, त्यानं छताले सावलीही होते. लिथियम लावत असाल तर अल्टरनेटरवरून थेट वायर जोडू नका, मधात डीसी-डीसी चार्जर पाहिजेच, नाहीतर अल्टरनेटर तापून जळते. प्रत्येक वायरीले बॅटरीजवळच फ्यूज. गाड्या पेटतात त्या बहुतेक अशाच जुगाडापायी.

धानकरी_चामोर्शी
बाबाले वाचून दाखवलं. म्हणाले, वायरमन पोट्टा हुशार आहे, पण कूलर नेऊन पाहू. 🙏 मी नाही नेत.

मूलची_वहिनी
तुम्ही सगळे बॅटरी अन् टायर बोलून राहिले. रात्री-बेरात्री बाईमाणसानं कुठं जायचं ते कोणीच सांगितलं नाही. गाडीत सासूबाई आहेत, सून आहे, लेकरं आहेत. आम्ही दोन गाड्यांनी आंध्रात जाऊन आलो, त्यावरून सांगते.

घडीचा पोर्टेबल संडास घ्या, खाली बंद टाकीवाला. पण तो फक्त रात्रीच्या अडचणीसाठी. टाकी रिकामी करायची ती पेट्रोल पंपावर किंवा धर्मशाळेत, विचारून, संडासातच. कोनसीम्यात दारोदारी कालवे आहेत, कोणी पाहात नाही म्हणून त्यात ओतायचं नाही. त्याच कालव्यावर खालच्या गावातले लोक आंघोळी करतात, भांडी घासतात.

मुक्काम एक रात्र गाडीत, एक रात्र खोलीत असा धरा. एकच खोली घ्यायची, सगळ्यांच्या आंघोळी, कपडे, चार्जिंग होऊन जाते. देवस्थानाच्या गावात सत्रम असतात, आपल्या धर्मशाळेसारखे. भद्राचलमला सोय चांगली आहे. पंपावर थांबायचं तर मोठा, हायवेवरचा, उजेड असलेला पंप, अन् आधी मॅनेजरले विचारून. अंतर्वेदीत वाळूवर गाडी नेऊ नका. देवळाच्या बाजूला पक्क्या जागेवर लावा.

स्वयंपाकाचं: तांदूळ, येसर, मुगवड्या, तिखट-मीठ घरून. पापड-कुरोड्या उघड्या ठेवल्या तर तासाभरात कातड्यासारख्या होतात. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, त्यात चिमूटभर तांदूळ. काडेपेटी पिशवीत, लायटर वेगळा. गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरते. चालत्या गाडीत रेग्युलेटर काढून ठेवायचा. सिलिंडर बाजूच्या कप्प्यात उभा बांधा, कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी जाळी पाहिजे. हा गॅस हवेपेक्षा जड असते, गळला तर खाली साचते, वरच्या खिडकीनं निघून जात नाही.

भाजीची चिंता नको. अंबाडी तिकडं गोंगुरा नावानं रोज भेटते. तिखटाची हौस असलेल्यांनी पहिल्या घासाले दमानं घ्यावं. भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या माझ्या नवऱ्यानं दोन ग्लास ताक मागितलं.

कोसावाली_नागभीड
वहिनी, +१. सिलिंडरच्या जाळीचं कोणीच सांगत नाही. मच्छरदाणीही लिहा. दोन पंख्यांच्या भरवशावर राहू नका.

पोट्टा_नंबर_वन
गडचिरोलीवाल्याले मच्छर सांगून राहिली ताई 😂

सिरोंचा_पूल
आता तारखा अन् रस्ता. हे नीट वाचा, इथंच लोक फसतात.

संक्रांतीच्या आठवड्यात जाऊ नका. भोगी, संक्रांत, कनुमा असे तीन दिवस आख्खं आंध्र गावी येते. भीमावरमकडं कोंबड्यांच्या झुंजींवर पैसा वाहते, कोर्टाची बंदी कागदावर राहते. खोल्या भेटत नाहीत, रस्ते तुंबतात. सण उरकला की निघा.

अंतर्वेदीची मोठी यात्रा माघ शुद्ध दशमी-एकादशीले. दशमीले देवाचं कल्याणम म्हणजे लग्न, भीष्म एकादशीले रथ. जुना लाकडी रथ सप्टेंबर २०२० मध्ये जळाला, नंतर नवा केला. रथ पाहायचा तर गाडी लांब लावावी लागेल, गर्दी दांडगी. अन् इथं मेख आहे. मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या तोंडावर भरते, २०२४ ले भरली, २०२६ ले, पुढची २०२८. म्हणजे सम साली दोन्ही जत्रा एकाच आठवड्यात. मेडारम मुलुगू जिल्ह्यात, आपल्या वाटेच्या लागून. त्या दिवसांत भूपालपल्ली-मुलुगू-एटूरनागारम पट्ट्यात लाखोंनी माणूस असते. त्या वर्षी मंचेरियल-वारंगलवरून फिरून जा. २०२७ ले गोदावरी पुष्करम आहे, बारा वर्षांनी येणारं नदीस्नानाचं पर्व, मागचं २०१५ ले झालं होतं. ते पावसाळ्याच्या तोंडाले असते, पण राजमहेंद्रीकडं तयारीची कामं आधीच सुरू राहतील, हे ध्यानात ठेवा.

रस्ता: आष्टी, अल्लापल्ली, सिरोंचा. अल्लापल्ली-सिरोंचा हा शंभरेक किलोमीटरचा तुकडा म्हणजे आमच्या नशिबाचा भोग. निघायच्या आदल्या दिवशी इथं विचारा, मी ताजं सांगतो. अन् तो तुकडा दिवसाच काढा. ज्याले धक्के नको त्यानं राजुरा-आसिफाबाद-मंचेरियल चौपदरी धरावा, लांब पडते पण म्हाताऱ्यांच्या कंबरा वाचतात. सिरोंच्याहून आले तर पलीकडं काळेश्वरम, एकाच शाळुंकेवर दोन लिंगं, काळेश्वर अन् मुक्तेश्वर. मेडिगड्डा बॅरेज तिथून जवळ, २०२३ च्या ऑक्टोबरात ज्याचे खांब खचले तेच. पुढं मुलुगूजवळ पालमपेटचं रामप्पा मंदिर, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. मग भद्राचलम.

भद्राचलमहून राजमहेंद्रीले दोन वाटा. चिंतूर-मारेडुमिल्लीचा घाट सुंदर, पण लादलेल्या ट्रॅव्हलरनं नको. अश्वारावपेटा-जंगारेड्डीगुडेमची वाट धरा, ऑइल पामच्या बागांतून जाते, सपाट आहे. राजमहेंद्री, रावुलपालेम, राझोल, अंतर्वेदी.

नरसापूरकडून सखिनेटीपल्लीले गाड्या घेऊन जाणारा पंटू, म्हणजे सपाट बोट, आहे नदीवर. पोट्ट्यांना मजा म्हणून रिकाम्या हातानं त्यावर फिरवून आणा. गाडी मात्र चिंचिनाडाच्या पुलावरूनच.

भूगोल_गुरुजी
ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे चक्रीवादळांचा काळ, म्हणून जानेवारी निवडलीत ते उत्तम. ६ नोव्हेंबर १९९६ चं वादळ कोनसीम्यावरच आदळलं होतं, हजारावर माणसं गेली, नारळाच्या बागा आडव्या झाल्या. आणखी एक, ज्यांना इतिहासात रस आहे त्यांच्यासाठी: याच कोनसीम्यातल्या पासरलापुडीला जानेवारी १९९५ मध्ये गॅसची विहीर फुटून पेटली, आग दोन महिन्यांवर जळत होती. नारळाच्या बागेत मध्येच गॅसचे पाइप आणि विहिरींचे मनोरे दिसले तर दचकू नका. जिल्ह्याचं नाव आता डॉ. बी. आर. आंबेडकर कोनसीमा. त्या नावावरून मे २०२२ मध्ये अमलापुरात जाळपोळ झाली होती. नाव टिकलं.

कोसावाली_नागभीड
यानम पण जवळ आहे ना? ऐकलं की फ्रेंचांचं होतं.

भूगोल_गुरुजी
होय. १९५४ पर्यंत फ्रेंच. आजही पुदुच्चेरीचा भाग, चारही बाजूंनी आंध्र. पण ते गौतमीच्या काठी, अंतर्वेदी वशिष्ठेच्या. आख्खा त्रिभुज प्रदेश ओलांडावा लागतो. म्हाताऱ्यांसोबत एकाच फेरीत दोन्ही टोकं नकोत. परतीला आत्रेयपुरम घ्या. तिथे उलट्या तापल्या मडक्यावर तांदळाच्या खळीचा कपडा फिरवून कागदासारखा पापुद्रा काढतात, त्यात तूप-गूळ घालून घडी घालतात. पूतरेकुलू म्हणतात. मडक्याला फडका लागतो आणि डोळ्यांदेखत पापुद्रा सुटतो.

जुना_एसटीवाला
मासे खाणाऱ्यांसाठी: पुलासा मासा पुराच्या पाण्यातच नदीत चढते. जानेवारीत कोणी पुलासा म्हणून विकला तं तो समुद्राचा साधा हिलसा, दुप्पट भावानं. खा, पण पुलाशाचे पैसे देऊ नका.

अन् परत आल्याबरोबर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. चेसिस, ब्रेक ड्रम, दाराच्या बिजागऱ्या. मंग ग्रीस. खाऱ्या हवेनं एका पावसाळ्यात पत्रा खाल्ला, अशी ट्रॅव्हलर नागपूरच्या गॅरेजात उभी हाय.

धानकरी_चामोर्शी
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. संक्रांत झाली की पुढच्या सोमवारी निघणार. रथाची गर्दी आईले झेपणार नाही, म्हणून एकादशीच्या आधीच परत. जाताना काळेश्वरम-रामप्पा-भद्राचलम, येताना चौपदरी. मुक्काम एक आड एक खोलीत. सहा सीटा तशाच ठेवतो, घडीचा पलंग सुताराकडं टाकला. एसी नाही, कूलर नाही (बाबा अजून बोलत नाहीत). परवाना परत करायचा अर्ज काकांच्या सहीनं दिला. टायरवरचे आकडे पाहिले, चारही जुने निघाले, नवे सांगितले.

एक राहिलं. तेलुगू कोणालेच येत नाही.

सिरोंचा_पूल
‘इक्कड बंडी पेट्टोच्चा?’ एवढं पाठ करा, इथं गाडी लावू का म्हणून. पाण्याले ‘नीळ्ळु’. बाकी हिंदी राजमहेंद्रीपर्यंत निभते, पुढं हातवारे. लिहिलेली चिठ्ठी पाहिजे असेल तर तेलुगूत लिहून देतो, पंपावर दाखवायची. डिझेलची टाकी इकडंच भरा, आंध्रात महाग आहे.

फिटनेस_भंडारा
अन् गाडी खासगीत वळती झाली की फास्टॅगही बदलून घ्या. जुन्या टॅगवर जुनाच वर्ग राहिला तर टोलवर वाद होते, मागं रांग लागते अन् हॉर्न सुरू होतात. बँकेत नवीन पुस्तकाची प्रत द्यावी लागते.

धानकरी_चामोर्शी
हे माहीतच नव्हतं. पुस्तक हातात आलं की त्याच दिवशी बँकेत जातो. चिठ्ठी लिहून ठेवा भाऊ, पुलावर घेतो.